जिभेनं माती ओळखणारे दामूअण्णा

दामूअण्णा कुठलीही कुंडी पाहिली की वरची माती नखानं खरवडत आणि जिभेच्या टोकाला लावत. मग थुंकून निकाल देत. आमच्या गच्चीवर त्यांनी हे प्रथम केलं तेव्हा मला किळस आली होती.

माझी बायको सुनीता मुलीच्या बाळंतपणासाठी तीन महिने पुण्याला गेली होती. जाताना टोमॅटोची पाच रोपं माझ्या हवाली करून गेली. तिच्या आईच्या परसातला तो गावठी, चपटा, आंबट टोमॅटो. आई गेल्यावर डब्यात उरलेलं सगळं बी तिनं पेरलं, त्यातलं एवढंच उगवलं. "ही गेली तर संपलं," एवढंच ती म्हणाली होती.

मी कसूर ठेवली नव्हती. रोपं स्वतः पाणी ओढणाऱ्या बादल्यांत होती. तळाशी पाच लिटर पाणी, वर जाळी, जाळीवर माती. पाणी खालून मातीत चढतं, आपण फक्त कडेच्या नळीतून तळ भरायचा. विद्राव्य खताच्या डब्यावर लिटरला दोन ग्रॅम लिहिलं होतं. मी प्रत्येक भरणीला दहा ग्रॅम मोजून टाकत होतो. मार्चच्या उन्हात तळ दिवसाआड रिकामा व्हायचा. महिनाभरात पानांच्या कडा करपल्या आणि लागलेल्या प्रत्येक फळाचं बूड काळं पडलं. रोग समजून मी दोन औषधंही फवारली.

अण्णा तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहायचे. दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत ठिबकमधून खत सोडण्यात त्यांचा जन्म गेला होता. वाळत घातलेली चादर न्यायला ते गच्चीवर आले आणि माती चाखून थुंकले.

"खारट हाय. साहेब, खत कितींदा देता?"

"दर भरणीला. लिटरला दोन ग्रॅम. डब्यावर तसंच आहे."

"डब्याला काय ठावं, तुमची बादली बंद हाय ते? साध्या कुंडीत उरलेलं खाली वाहून जातं. हितं पाणी वर चढतं, उडून जातं, अन् खत वरच बसतं. रोग नाय हा. जेवण लय झालंय, त्यात खारानं पाणी ओढवंना."

मी मनात आकडा मांडला. पंधरा भरण्या, बादलीमागे दीडशे ग्रॅम. बाहेर गेलं शून्य. मी विचारलं, "वाचतील का?"

"शेंडा हिरवा हाय तवर घाबरायचं नाय. पाणी काढा."

वरचा पांढरा थर आम्ही खरवडून टाकला. मग प्रत्येक बादलीत वरून सावकाश वीस लिटर साधं पाणी सोडलं आणि तळ तिरका करून सगळं ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काळी फळं अण्णांनी स्वतः खुडली. "आता पंधरा दिवस नुसतं पाणी. तवर डबा घरातच ठेवा. तुमचा हात शिवशिवंल."

शिवशिवला खरा, पण डबा उघडला नाही. तिसऱ्या आठवड्यात नवी पानं आली ती स्वच्छ कडांची. पुढे खत वरून, निम्म्या मापानं, पंधरा दिवसांतून एकदा. त्या फुलोऱ्यातली फळं बुडापर्यंत लाल झाली. पाचपैकी चार झाडं वाचली.

सुनीता परतली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ती आधी झाडांकडे गेली, एक फळ उलटं करून बूड पाहिलं आणि म्हणाली, "खतानं मारत होतास होय? मला वाटलं, विसरून मारशील." मग कठड्यावर बसून बराच वेळ हसली.

पावसाळ्याआधी अण्णा गावी परत गेले. निघताना सुनीतानं नव्या फळांतलं निम्मं बी पुडीत बांधून त्यांना दिलं. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "ताईंना सांगा, आमच्या बांधावर बावीस उगवलीत. तुमच्याकडं काय चुकलंच, तर हितून घेऊन जा."