दरडीतली शिंगं

यमुनाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुलढाण्याला शाळेत होतो, दहावीच्या वर्गावर. तास पुरा केला. मोताळ्याच्या एसटीत बसल्यावर मनात आलं, तिची माफी मागायची राहून गेली...

आत्या शेळ्या राखायची. तीन वर्षांपूर्वी गावाबाहेर नदीच्या दरडीत तिला एक शिंग दिसलं, दगड झालेलं, मांडीएवढं जाड. विळ्यानं माती कोरत आठ दिवसांत तिनं कपाळ आणि दुसऱ्या शिंगाचं बूड उघडं केलं. गावकऱ्यांनी शेंदूर आणला तर ही आडवी आली. "देव नाही थे. जनावर होतं, माह्या शेळ्यांसारखं. पाणी प्यायले आलं असन."

मी फोटो काढून जीवाश्मांच्या एका अभ्यासकांना पाठवले. ते येऊन पाहून गेले. हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या रानबैलाची कवटी आहे, म्हणाले. प्लास्टर न चढवता हलवली तर भुगा होईल, सरकारी परवानगी मिळाली की येतो. मी आत्याला बजावलं, हात लावायचा नाही. ती रोज शेळ्या घेऊन तिथंच बसू लागली. परवानगी काही आली नाही. पावसाळ्यात तिचा फोन आला, "पाणी वर येऊन राह्यलं रे. चार माणसं लावून काढू का?"

मी म्हणालो, "नको. दोन दिवस थांब."

दुसऱ्याच दिवशी दरड कवटीसकट पुरात कोसळली. मी पोचलो तेव्हा आत्या गुडघाभर चिखलात उभी होती. "तुह्या शब्दावर थांबली मी," एवढंच म्हणाली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही, मीही नाही. सणावाराला जायचो, ती भाकरी वाढायची, शाळेचं विचारायची. एकदा तरी शिवी द्यायला हवी होती तिनं...

तेरावं झाल्यावर तिचा मुलगा सुनील मला न्हाणीमागे घेऊन गेला. तिथं एक गोणी होती, दगडांनी भरलेली. एकेक दगड धुऊन लुगड्याच्या चिंधीत बांधलेला. पूर ओसरल्यापासून ती खालच्या पात्रात वेचत होती म्हणे, छातीत दुखायला लागलं तरी.

"दादा, यात हाड कोणतं अन् गोटा कोणता?"

अभ्यासकांना फोन लावला, तो बंद. आम्ही एकेक चिंधी सोडून पाहिली. मला एकही ओळखता आला नाही. मग सगळे परत बांधत बसलो, पण तिच्यासारखी गाठ काही बसेना.