दिपेशची जीप आणि गोदूबाईचे बोंबील

सदाने चाळीस वर्षं होड्या किनाऱ्यावर ओढल्या. गुडघे गेले, पण खोड राहिली: कोणी वायफळ जोर लावलेला त्याला बघवत नाही. चौघं टोपली उचलत असले, तर हा लांबूनच म्हणतो, "दोघं पुरेत. बाकीचे लोंबतायत."

काशीदच्या अलीकडे त्याचा कोळीवाडा. तिथे भाचा दिपेश नवी जीप घेऊन पुळणीत शिरला. चाकं रुतली तसं त्याने बटण दाबून पुढचा-मागचा लॉक लावला. लॉक लागला की डावं-उजवं चाक एकाच वेगाने फिरतं. जीप वर आली खरी, पण आता वळायला तयार नाही, आणि बटण बंद केलं तरी लॉक सुटेना. माणसाच्या चालीने ती सरळ निघाली. समोर पन्नास पावलांवर सदाच्या बायकोची, गोदूबाईची मासळी सुकवायची वलांडी. दोरीवर आठवड्याचे बोंबील, अर्धे सुकलेले.

सदा खिडकीशेजारून चालू लागला.

"थांबव."

"थांबलो तर परत रुतंल, मामा."

"वळव."

"वळत न्हाय."

"मग करतोस काय?"

"हॉर्न वाजवतोय."

वाटेतली माणसं सामान हलवू लागली. जाळी उचलली. बाजल्यावर अंबाजी झोपला होता, त्याच्यासकट बाजलं उचललं. होडी आठ जणांनी सरकवली. पाच पुरे होते.

वलांडीचे बांबू मात्र पुरलेले. गोदूबाई मुठीमुठीने बोंबील काढत होती. "आवं, भाच्याला सांगा, दुसरीकडनं जा."

"त्याला दुसरीकडं न्हाय."

खुंटाला दोर आवळला की ओढून सुटत नाही, होडी जरा मागे घ्यावी लागते. हे सदाच्या हातांना ठाऊक होतं.

"पुढं शिंपल्यांची रेती हाय, कडक. तिथं थांब. रुतणार न्हाय. मग हातभर मागं घे."

बांबूपासून दोन वितींवर जीप थांबली. हातभर मागे आली. आत काहीतरी खटकन वाजलं, लॉकचा दिवा विझला. दिपेशने चाक फिरवलं, जीप वळली.

"निघालास कुठं?" गोदूबाई आडवी आली. काढलेले बोंबील तिने गरम बोनेटवर ओळीने पसरले. "सुकंस्तवर उभा रहा."

"नुसता उभा कशाला?" सदा म्हणाला. "होडी जागेवर ठेव. चार जण घे. पाचवा तू."

बाजल्यावरून अंबाजीने विचारलं, "मला कवा नेताय?"