नणंदेचं स्थळ आणि ह्यांची रोटरी

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा आधी चहाचे कप खाली ठेवा आणि मग ऐका माझा पराक्रम!

आमचे हे गोविंदपुऱ्यात एका कारखान्यात इंजिनिअर. तिथे ट्रॅक्टरला जोडायची कापणीची मशीन बनवतात. रोटरी म्हणतात तिला. जेवताना रोज ताटापुढे दोन पेले फिरवून दाखवणार, "हे दोन ड्रम, खाली पाती. दोन्ही आतल्या बाजूला फिरतात. उभं पीक कापलं, मधे ओढलं, मागे एका ओळीत पाडलं!" भाजी गार! ऐकून ऐकून मीही अर्धी इंजिनिअर झाले.

तेव्हा माझ्या नणंदेचं, मुक्ताचं, लग्नाचं बघत होतो. नागपूरची मंडळी रविवारी येणार होती.

शनिवारी ह्यांचा फोन. "मी मंडीदीपला अडकलोय. बैतूलचे एक शेतकरी घरी येतायत, मराठीच आहेत. रोटरीची माहिती तूच दे."

फोन ठेवते तोच बेल! दारात पांढऱ्या मिशांचे एक काका.

"फोटो पाहिला, आवडली," काका बसता बसता म्हणाले. "मुलासाठी विचार आहे. कामाला कशी आहे?"

"एकदा सुरू झाली की समोर येईल ते आडवं करते!"

मिशा थरथरल्या. "आडवं?"

"अगदी बुडापासून! दोन्हीकडून मधे ओढते आणि मागे ओळीनं झोपवत जाते."

"पण... शांत आहे ना?"

"शांत? कानात कापूस घाला! आणि चालू असताना जवळ जायचं नाही, बस्स."

काका उठलेच. मला वाटलं, सौदा फिसकटतोय!

"अहो, सीहोरच्या एकांनी थोडे दिवस ठेवून परत पाठवली, पण दोष तिचा नव्हता! त्यांच्याकडे दगडच फार. आणि वर्षभराची गॅरंटी आहे! बिघडली तर आमची माणसं येऊन ठोकून सरळ करतात!"

तेवढ्यात मुक्ता शाळेत शिकवून घरी आली. काका दोन पावलं मागे सरकले.

"हीच ना ती? फोटोतली?"

सांगा, त्या क्षणी मी कुठे तोंड लपवू? नागपूरकर एक दिवस आधीच आले होते! मी हात जोडून रोटरी, कारखाना, सगळं सांगितलं. काकांचा चेहरा काही सैल होईना. "मुलाचे मामा मागून येतायत, त्यांच्याशी बोलतो," एवढंच म्हणाले.

पुन्हा बेल. मामा! आता चूक नाही करायची. दार उघडल्या उघडल्या मी सुरूच झाले.

"या या! स्वभावानं अगदी गरीब हो! आवाज म्हणून नाही. फिरणं-बिरणं नाही. आणि मऊ इतकी, की साधी काकडी कापताना हात थरथरतो!"

पाहुण्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"ते सारं ठीक आहे, वहिनी. पण मग गहू कसा कापते?"

बैतूलचे शेतकरी!

नागपूरचे काका असे हसले, असे हसले, की सोफ्यावर परत बसले आणि स्वतःहून चहा मागितला. लग्न जमलं, थाटात झालं. लग्न ठरवताना मुलाकडच्यांची अट मात्र एकच होती.

पुढची बोलणी घरातल्या कुणाशीही करू, फक्त वहिनींना मधे घेऊ नका!