अडकित्ता घेऊन क्राइस्टचर्चला

“एकटे येऊ नका. तुमची माणसं घेऊन या.”

अडाएझेचे वडील फोनवर एवढंच म्हणाले आणि मी पेचात पडलो. अडाएझे, लाडाने अडा, म्हणजे आमच्या निखिलने पसंत केलेली मुलगी. तो क्राइस्टचर्चला पुलांची कामं बघतो, ती तिथेच फार्मसिस्ट आहे. तिचं घर इग्बो, म्हणजे नायजेरियाच्या आग्नेय भागातलं. त्यांच्यात मुलाकडच्यांनी मुलीच्या दारी जाऊन रीतसर मागणी घालायची असते. सोबत भेटी न्यायच्या आणि भाऊबंद न्यायचे. भाऊबंदांवर वडिलांचा फार जोर होता. उद्या या दोघांचं बिनसलं तर आम्ही कुणाच्या दारात जायचं, असा त्यांचा सरळ प्रश्न. माणसं नसलेल्या घरात ते मुलगी देणार नव्हते. आणि अडाएझेने निखिलला स्वच्छ सांगितलं होतं की बाबांच्या होकाराशिवाय ती लग्न करणार नाही.

आता माझे दोन भाऊ इचलकरंजीत. एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचा व्हिसा वेळेत येण्यातला नव्हता. ऑकलंडमध्ये आम्ही म्हणजे मी, बायको सुनंदा आणि सुट्टीला येणारा निखिल, एवढेच. मी सुताला खळ लावायच्या, साइझिंगच्या कारखान्यात सूत ओढत मोठा झालो, इथे ईस्ट टामाकीत पॅकेजिंगचा छोटा कारखाना उभा केला. माणसं कामाला लावणं मला येतं. पण भाऊ कसे उभे करायचे?

गायकवाडला सांगितलं. हा आमच्या मशीन्स बघणारा इंजिनीअर, मूळचा नागपूरचा, बायको वैशालीसोबत अवोन्डेलला राहतो. मला तो शेठ म्हणतो, चिडवायला.

“शेठ, त्यात काय. मी येतो, वैशाली येते. अजून तिघांना जमवू. नवरीकडचं जेवण म्हटल्यावर कोण नाही म्हणतंय?”

अशी आमची वरात ठरली. तिघं विमानाने येणार, आणि आम्ही चौघं सामानासकट व्हॅनने. ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांना आधीच सांगतो, व्हॅन फेरीवर चढवायची असेल तर विमानापेक्षा स्वस्त पडत नाही. आमचा नाइलाज होता, कारण सामानात कोनफळं होती.

कोनफळांची गंमत अशी. भेटींच्या यादीत सगळ्यात वर ‘याम’ होते. सुनंदा सुपरमार्केटमधून गुलाबी, बोटाएवढे याम घेऊन आली. या देशात त्यालाच याम म्हणतात. निखिलने फोनवर बघितले आणि डोक्याला हात लावला. “आई, हे बघून ते मला दारातूनच परत पाठवतील.” मग रविवारी अवोन्डेलच्या बाजारात गेलो. तिथे एका टोंगन मावशींकडे मांडीएवढे कंद होते. सुनंदाने एकाची साल नखाने खरवडली आणि म्हणाली, “अहो, हे आपलं कोनफळ.” उंधियूला घालतो तेच. तिने घासाघीस करायला तोंड उघडलं, तर मावशींनी विचारलं, कशासाठी हवेत? लग्नाच्या मागणीसाठी, म्हटल्यावर एक कंद वर टाकला.

शुक्रवारी उजाडायच्या आत निघालो. तौपोला तळ्याकाठी पाय आणि कॉफी. पाय म्हणजे मांसाचं सारण भरलेली पेस्ट्री, खाताना शर्ट सांभाळा. पुढे डेझर्ट रोडवर ढगांनी डोंगर झाकलेले, त्यामुळे ज्यासाठी लोक तिथे थांबतात ते आम्हाला दिसलंच नाही. वेलिंग्टनला मोटेलमध्ये मुक्काम. किचन असलेली खोली घ्या. वैशालीने तिथे पिठलं केलं आणि बाहेरच्या जेवणाचे पैसे वाचले.

सकाळच्या फेरीने पिक्टन. शेवटचा तासभर बोट डोंगरांच्या मधून जाते, तेव्हा आत बसून राहू नका. डेकवर गायकवाडने विचारलं, “शेठ, त्यांनी विचारलं आपलं नातं काय, तर काय सांगायचं?”

“खोटं नको सांगू.”

“मग माझा मालक आहे म्हणून सांगू? बरं दिसेल.”

गावाकडे असतो तर आम्हा दोघांच्या गल्ल्याच वेगळ्या असत्या. वारा सुटला होता, तेवढं निमित्त करून मी आत आलो.

काइकोराला रस्त्यावरूनच सील दिसतात, तिकीट नाही. तिथलं क्रेफिश, म्हणजे शेवंड, फार नावाजलेलं आहे. टपरीवरचा भाव बघितला आणि आम्ही फिश अँड चिप्स खाल्ले. संध्याकाळी क्राइस्टचर्चला पोचून रिकार्टनमध्ये देशी दुकानातून नारळ, हळदकुंकू घेतलं. सुपारी आणि अडकित्ता मी घरूनच आणला होता. आमच्यात लग्न ठरलं म्हणजे सुपारी फोडतात. ते झालं की शब्द पक्का. सुनंदा म्हणत होती, त्यांना विचारून घ्या. मी म्हटलं, शुभ कामाला काय विचारायचं.

दुसऱ्या दिवशी मुलीकडच्यांनी घेतलेल्या सभागृहात शिरलो आणि माझ्यातला कापडवाला जागा झाला. बायकांच्या कमरेला दुहेरी गुंडाळलेलं भरजरी कापड होतं. मी अडाच्या आईची परवानगी घेऊन काठ चिमटीत धरला. जरीकाम आपल्याकडचं. “याला आम्ही जॉर्ज म्हणतो,” त्या म्हणाल्या. “माझ्या आजीच्या पेटीतही होतं. येतं तुमच्याकडूनच.” म्हणजे आमच्याकडचं कापड आमच्याआधीच या घरात नांदत होतं. सुनंदाच्या पैठणीकडे त्या ज्या नजरेने बघत होत्या, त्यावरून त्यांच्यासाठी भेटीत पैठणीच आणल्याचं मला बरं वाटलं.

पुरुषांच्या अंगात सोनेरी सिंहाची तोंडं छापलेले मखमली अंगरखे. निखिललाही तसाच चढवलेला, गळ्यात पोवळ्यांची माळ. वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर लाल टोप्या. आम्ही कोल्हापुरी फेटे बांधलेले, गायकवाडचा निळा. अडाच्या वडिलांनी माझ्या फेट्याकडे बघून विचारलं, “हा मिळवावा लागतो का? आमच्यात ही लाल टोपी खरं तर पदवी मिळालेल्यानेच घालायची.”

“आमच्यात लग्नाला आलं की मिळतो.”

“तुमचं स्वस्त आहे,” ते म्हणाले, पण हसले नाहीत. ते हसत नव्हते याची मी नोंद घेतली.

आतल्या खोलीत अडाची आत्या तिच्या हातांवर उली काढत होती. उली म्हणजे काळसर रंगाने अंगावर काढायची नक्षी. पूर्वी रानातल्या शेंगांचा रस वापरत. इथे त्या मिळत नाहीत म्हणून आत्याने दुकानातला रंग घेतला होता. सुनंदा आणि वैशाली बघायला गेल्या. एक वळणदार रेघ, एक टिंब, मग बरीच जागा कोरी.

“अजून भरायचंय ना?” सुनंदाने विचारलं.

“झालं,” आत्या म्हणाली. “कोरी जागासुद्धा नक्षीतलीच.”

“आमच्या मेंदीत एवढी जागा सोडली तर नावं ठेवतील.”

आत्याने तिचा हात ओढला आणि मनगटावर एकच रेघ काढली, टोकाशी गोल वळलेली. सुनंदा बाहेर आली ती हात जरा पुढे धरूनच.

मग सगळे बसले. त्यांच्यातल्या एकाने उभं राहून हाळी दिली, “इग्बो क्वेनू,” आणि सगळ्यांनी एका आवाजात “या” म्हटलं. तिसऱ्यांदा आमच्या बाजूनेही “या” झालं. नंतर लाकडी थाळी आली. थाळीत कोला. आपल्या सुपारीपेक्षा मोठं, लालसर, गुळगुळीत बी. सोबत शेंगदाण्याची तिखट चटणी आणि छोटी पांढरी वांगी. थाळी हातोहात माझ्यासमोर आली. सगळे माझ्याकडे बघू लागले.

आता मी काय समजलो? सुपारी आली. मुलाच्या बापासमोर ठेवली. फोडा म्हणतायत. मी बी कपाळाला लावलं, खिशातून अडकित्ता काढला आणि कचकन दोन तुकडे केले.

समोरच्या सगळ्या लाल टोप्या एकदम एकमेकींकडे वळल्या.

निखिलने डोळे मिटले होते. अडाएझेचा एक चुलतभाऊ तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला आणि बाजूच्याने त्याला गप्प केलं. मला नंतर कळलं ते इथे सांगून टाकतो. थाळी पाहुण्यांना फक्त दाखवायची असते. हात लावून ती यजमानाकडे परत द्यायची. मग सगळ्यात वडील माणूस इग्बोतच प्रार्थना करतो, आणि बी त्याच्या नैसर्गिक शिवणीवर उघडतात. आत किती पाकळ्या निघतात त्यावर पुढचं शुभाशुभ बघतात. मी ते आडवंच कापलं होतं. आता त्यातून काही वाचता येत नव्हतं. वर या देशाच्या विमानतळावर साधं सफरचंद सुटत नाही; हे कोला रीतसर डिक्लेअर करून, तपासणी होऊन, एवढ्या मुश्किलीने आलेलं.

अडाचे वडील हळू आवाजात म्हणाले, “हे काय केलंत?”

मी उठायच्या आत माझ्या शेजारची खुर्ची सरकली. गायकवाड उभा होता.

“हा माझा मोठा भाऊ,” तो इंग्रजीत म्हणाला. “एका आईचे नाही आम्ही, एका जातीचेही नाही. पण इथे आल्यावर माझ्या मुलीला ताप आला तेव्हा रात्री गाडी यानेच काढली. आमच्यात सुपारी फोडली की शब्द दिला. तो शब्द द्यायची घाई करून बसला. चूक त्याची, पण माफी आम्ही सगळे मागतो.”

वैशाली उभी राहिली. मग सुनंदा, विमानाने आलेले तिघं, आणि शेवटी निखिल. फेटे बांधलेले आम्ही सगळे ओळीने उभे, आणि माझ्या हातात अजून तो अडकित्ता.

अडाच्या वडिलांनी आमच्या ओळीवरून शेवटपर्यंत नजर फिरवली. मग कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या वयोवृद्ध काकांकडे बघितलं. काकांनी हात पुढे केला. मला वाटलं तुकडे मागतायत. त्यांना अडकित्ता हवा होता. त्यांनी तो उघडून, मिटून बघितला आणि माझ्या हातात परत ठेवला.

“म्हणजे,” काका म्हणाले, “आम्ही अजून विचारलंही नाही, आणि मुलाच्या बापाने हो म्हणून टाकलं. याच्याशी देण्याघेण्याचं बोलणं सोपं जाईल.”

पहिलं हसू अडाच्या आईचं. मग सगळं सभागृह हसलं. मी खाली बसलो.

दुसरं बी आणलं. काकांनी बराच वेळ प्रार्थना केली, प्रत्येक थांब्याला सगळे “इसे” म्हणत होते, म्हणजे तसंच होवो. काकांनी नखाने शिवण उघडली. चार पाकळ्या. चार म्हणजे उत्तम. त्यांच्या आठवड्याचे बाजारवारही चारच. तुकडे वाटले गेले. चव कडू, आणि वरून पाणी प्यालं की गोडसर.

सुनंदा वैशालीच्या कानात म्हणाली, “बायकांना ते फोडता येत नाही म्हणे.”

“आपल्याकडेही तेच की, वहिनी. देवापुढे नारळ फोडायला ते, खोबरं खवायला आपण.”

शेवटी वडिलांनी पामच्या ताडीचा पेला अडाएझेच्या हातात दिला. या गर्दीतून नवरा शोध आणि त्याला पाज. निखिलला मुद्दाम मागे लपवलेला. ती निघाली तसे सगळे पुरुष ओरडायला लागले, इकडे दे, मी बरा नाही का, माझं घर मोठं आहे. गायकवाडनेही हात वर केला आणि वैशालीने तो खाली ओढला. अडाएझे सगळ्यांना ओलांडून निखिलपाशी गेली, गुडघे टेकले, एक घोट घेतला आणि पेला त्याला दिला. त्याने रिकामा केला.

वडील माझ्याजवळ येऊन बसले. “भाऊबंद म्हणजे नुसती गर्दी असेल असं वाटलं होतं,” ते म्हणाले. “चुकीच्या वेळी कोण उभं राहतं, ते बघायचं होतं. ते तुम्हीच दाखवलंत.” मग एक अख्खं कोला माझ्या मुठीत ठेवलं. हे घरी न्या, तुमच्या माणसांना दाखवा. कापू नका.

परतीला व्हॅन हलकी होती. काइकोरा जवळ आलं तेव्हा मागून गायकवाड म्हणाला, “दादा, अडकित्ता इकडे द्या. माझ्याकडे राहील.” शेठ म्हणायला तो विसरला होता. मी गाडी थांबवली, टपरीवर गेलो आणि सगळ्यांसाठी क्रेफिश घेतलं. भाव विचारला नाही.

घरी येऊन आता काही आठवडे झाले. सुनंदाच्या मनगटावरची उली पुसट होत होत गेली. शेवटचे दोन दिवस ती भांडी घासताना हातमोजे घालायची. कोला मी इचलकरंजीच्या भावांना व्हिडिओवर दाखवलं, आणि आमच्यासोबत आलेल्या प्रत्येकाच्या घरी घेऊन गेलो. आता ते सुपारीच्या डब्यात सुकत पडलंय.

परवा गायकवाड संध्याकाळी आला, जरा गंभीर चेहऱ्याने. माझ्याशी काम नव्हतं, निखिलला फोन लावून मागितला. अडाच्या वडिलांनी तक्रार केली होती की जावयाने दोन रविवार फोन केला नाही. तक्रार त्यांनी गायकवाडकडे केली होती. माझा नंबर त्यांच्याकडे असताना.

“काका, सॉरी, साइटवर होतो,” निखिल स्पीकरवर म्हणत होता.

“मला कारणं सांगू नकोस. मी त्यांना शब्द दिलाय.”

सुनंदाने चहा ठेवला. पोराला भरपूर बोलणी बसली, आणि मी आरामात ऐकत बसलो.