कान फाटलेली गाय

नांदगावात मुंबई-गोवा हायवेवर गाय पडली तेव्हा गणपतीला आठ दिवस उरले होते. मुंबईच्या गाड्यांची रीघ लागली होती. सकाळी मी अंगणवाडीत निघाले होते. रस्त्याकडेला माणसं जमलेली दिसली म्हणून थांबले. तांबडी गाय आडवी पडली होती. मागच्या मांडीचं कातडं लोंबत होतं, एक शिंग मुळातून मोडलं होतं. गाडीचं तोंड चेपलं होतं आणि गाडीवाला ओरडत होता, "कुणाची गाय आहे ही? माझं नुकसान कोण भरणार?" दोघे-तिघे मोबाईल धरून शूटिंग करत होते. पाणी कुणी आणलं नव्हतं.

गाय मी लगेच ओळखली. माझ्या चुलत दिरांची. शिमग्यानंतर तिचं दूध आटलं तसं त्यांनी तिला मोकाट सोडलं होतं. दीर त्या गर्दीतच होते. ते गायीच्या डोक्याशी वाकले. मला वाटलं, तिला गोंजारतायत. मग त्यांच्या हातातली सुरी दिसली. ज्याच्या नंबरावरून मालक कळतो तो तिच्या कानातला पिवळा बिल्ला त्यांनी कापून खिशात टाकला. गाय हललीसुद्धा नाही. दिरांनी वर बघितलं, आमची नजरानजर झाली, आणि मी दुसरीकडे बघितलं.

पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन मीच केला. डॉक्टर दुसऱ्या गावात लसीकरणाला गेले होते. मोटरसायकलवरून यायला त्यांना दीड तास लागला. घाटावरचा तरुण माणूस, एकट्याकडे तीन दवाखाने. तोवर गाडीवाला निघून गेला होता. डॉक्टरांनी सलाईनची बाटली रस्त्याच्या पाटीला बांधली आणि तिथंच, मातीत गुडघे टेकून मांडी शिवली. मी पाणी ओतत होते. मग खांद्यापर्यंत हातमोजा चढवून त्यांनी तिला तपासलं.

"चार महिन्यांची गाभण आहे," ते म्हणाले. "मालक कोण?"

कोणी बोललं नाही. दीर माझ्यापासून चार हातांवर उभे होते. आमचा गणपती एकाच घरात बसतो. त्यांचं नाव घेतलं असतं तर त्या घरात माझं बोलणं कायमचं तुटलं असतं. म्हणून मीही बोलले नाही. डॉक्टरांनी कागदावर 'बेवारस' लिहिलं.

टेम्पोतून ती आमच्या मांगरात, घराशेजारच्या गुरांच्या खोपीत, आली. बारा दिवस तिला उठता आलं नाही. दर तीन तासांनी मी आणि माझे यजमान पोत्यावर धरून तिची कूस पालटायचो, नाहीतर अंगाला फोड आले असते. जखमेत अळ्या पडल्या. डॉक्टर येऊन टर्पेंटाईनचे बोळे घालायचे आणि एकेक अळी चिमट्याने काढायचे. गणपतीत माझ्या हातांना त्या जखमेचा वास येत होता. जाऊ म्हणाली, "वयनी, तू मोदकांका हात लावू नको." मी बाहेर बसून भांडी घासली.

तेराव्या दिवशी ती उभी राहिली. थरथरत, तीन पायांवर, पण उभी राहिली. मी रडले.

दसऱ्यानंतर दीर दोरी घेऊन आले.

"वयनी, गाय न्हेतंय. माझी आसा ती."

"भावजीनू, त्या दिवशी तुमी थंयच उभे होतास मां?"

"माझी म्हणान सांगलंय आसता तर गाडयेवाल्यान माकाच धरल्यान आसतो. आता ती गाभण आसा. गाभण गाय काय दुसऱ्याच्या दारात ठेवतत?"

मी यजमानांकडे बघितलं. ते म्हणाले, "न्हेंव दी गो. घरचोच माणूस." ज्या हातांनी तिची कूस पालटली त्याच हातांनी त्यांनी तिचं दावं सोडून दिलं.

मी डॉक्टरांना फोन केला. बिल्ला कोणी कापला ते तेव्हा, पहिल्यांदाच, सांगितलं. ते म्हणाले,

"ताई, हे तुम्ही त्या दिवशी सांगितलं असतं, तर मी मालकाचं नाव लिहिलं असतं. आता माझ्या कागदावर ती बेवारस आहे. आज बदललं, तर तेव्हा खोटं का लिहिलं म्हणून मलाच विचारतील."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

गाय शिमग्याच्या सुमाराला व्याली. पाडी झाली. गाय अजून लंगडते, पण दूध देते. ती व्याली त्या दिवशी दिरांनी भावकीच्या ग्रुपवर गाय-वासराचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'आमच्या घरची लक्ष्मी'. फोटोत गायीचा फाटका कान स्पष्ट दिसत होता. त्याच्याखाली सगळ्या भावकीने हात जोडले होते. मी नसते जोडले, तर कुणीतरी विचारलं असतं. मीही जोडले.