चष्मा काढून वाचणारे मुनशीजी

मुनशीजी वाचायला बसले की आधी चष्मा काढत. तो सदऱ्याच्या खिशात ठेवायचा आणि मग कागद पार नाकापर्यंत आणायचा. तहसील कचेरीत आलेले नवखे लोक म्हणत, हा म्हातारा निजामाच्या काळातले कागद वासावरून ओळखतो. पहिल्या दिवशी मलाही ते खरं वाटलं आणि घरी जाऊन मी बायकोला तसं सांगितलंही. वास्तविक त्यांना फक्त लांबचं दिसत नव्हतं.

उर्दू शाळेतून निवृत्त झाल्यावर ते कचेरीच्या आवारात स्टँपवाल्याशेजारच्या बाकावर बसत. तिथली जुनी दफ्तरं उर्दूत, आणि ती सरळ वाचून दाखवणारं तालुक्यात दुसरं कोणी उरलं नव्हतं. मीही मास्तरच. तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवला, दिल्लीच्या बादशहांचे बाप-आजे तोंडपाठ करून घेतले. पण माझ्या मुलीचा मेडिकलला नंबर लागला, जातपडताळणीसाठी माझ्या पणजोबांची नोंद मागितली, तेव्हा मला त्यांचं नावसुद्धा सांगता येईना. आम्ही बौद्ध, कागदाला मात्र बौद्ध होण्याआधीचं घर लागतं. मुदत दोन महिन्यांची होती. कागद मिळाला नाही तर पोरीची जागा जाणार होती.

घरात पणजोबांना सगळे ‘पैलवान’ म्हणत, एवढंच मला माहीत होतं. त्यावर मी मुलीला लहानपणी भरपूर गोष्टी सांगितल्या होत्या. निजामाच्या मल्लाला त्यांनी चीत केलं, वगैरे. नावाचं विचाराल तर एका चुलतभावाने ‘धोंडिबा असावं’ असं म्हटलं, आणि मी ते ‘असावं’ गाळून अर्जात ठसठशीत अक्षरात धोंडिबा लिहून टाकलं. मग रोज सकाळी रेकॉर्ड रूममध्ये कारकुनाच्या हातापाया पडून रजिस्टर काढायचं आणि मुनशीजींसमोर धरायचं. आमच्या गावचे चार धोंडिबा सापडले. चारही पाटलाच्या घरातले निघाले.

मेलेल्या माणसाबद्दल मुनशीजींना मेल्यासारखं बोलता येत नसे. बोट ओळीवरून उजवीकडून डावीकडे सरके आणि ते पुटपुटत, “हे कुंभाराचे आले. हे कोळ्याचे बसले हायत.” पान संपलं की माझ्याकडे बघून म्हणत, “मास्तर, तुमचे पंजोबा आज बी आले न्हाईत.” जणू मी त्यांना वेळेवर निरोप पाठवला नव्हता. स्टँपवाला हसायचा. मला राग यायचा, पण चहा मीच सांगायचो.

मुदतीचे बारा दिवस उरले आणि मी बाकावरच रडकुंडीला आलो. तेव्हा मुनशीजींनी रजिस्टर मिटलं आणि विचारलं, “तुमच्या घरात बाया कोणाचं नाव घेत नव्हत्या?” मी म्हटलं, नवऱ्याचं आणि सासऱ्याचं, जगात घेत नाहीत तसंच. त्यांनी पुढे विचारलं, वडलांचं नाव काय? मी म्हटलं, दगडू. “पाळण्यातलं?” ते मला ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, “आजा गेला की नातवाला आजाचं नाव ठिवतात. मग त्या सुनंनं लेकराला हाक कशी मारावी? घरात म्हाताऱ्या लेकी हायत का कोणी? लेकीला तोंड बंद न्हाई.”

नरसीला माझी आत्या होती, पंच्याऐंशीच्या पुढची. दीड महिन्यात तिला विचारावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं. बायकांना काय ठाऊक, हा माझ्या तीस वर्षांच्या इतिहासाचा पाया. ती भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाली, “दादाचं, तुझ्या बापाचं, पाळण्यातलं नाव लक्ष्मण. आमच्या आजाचंच. आईला घेता येईना, म्हून तिनं दगडू म्हणायचं काढलं, मग साळंत बी तेच लागलं.” मी कुस्त्यांचं विचारलं, तर तिला ठसका लागला. पणजोबा अंगाने काडी होते. लोक थट्टेने पैलवान म्हणत.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता लक्ष्मण सापडले. गावकामगारांच्या इनाम जमिनीच्या रजिस्टरात, आम्ही दोनदा ओलांडून गेलेल्या पानावर. जातीचा रकाना शाबूत होता. मी स्टँपवाल्याला मिठी मारली. मुनशीजींचं बोट मात्र पुढेच सरकत होतं. लक्ष्मण लवकर गेले होते. त्यांच्यामागे ती पडीक जमीन आणि तीन लेकरं बायकोच्या नावावर लागली होती: धुरपता, जौजे लक्ष्मण. जौजे म्हणजे बायको. धुरपता हे नाव आत्यालाही ठाऊक नव्हतं. तिच्यासाठी ती फक्त ‘म्हातारी’ होती.

“मास्तर,” मुनशीजी म्हणाले, “तुमी पंजोबाला हुडकून राहिले. घर तर हिनं धरलं.”

मला लाज वाटली. दीड महिना मी एका पैलवानाच्या मागे धावत होतो, आणि आम्हाला जगवणारी बाई त्याच पानावर बसलेली होती.

दाखला मिळाला, मुलगी कॉलेजात गेली. मी मात्र त्या बाकावर जातच राहिलो. आता मला उर्दू शिकायची होती. मुनशीजींनी दुसरीचं पुस्तक आणलं. मी वही उलटी उघडायचो, अक्षरांचे ठिपके, म्हणजे नुक्ते, विसरायचो. ते म्हणत, “तुमच्या हाताखालून पोरं पास झालीच कशी?” हा प्रश्न मलाही पडला होता. अर्धं पुस्तक झालं आणि गेल्या थंडीत मुनशीजी गेले. दफनाला मी मागे उभा होतो. तिथे जे म्हणतात ते मला म्हणता येत नव्हतं, म्हणून नुसता रडलो.

उरलेलं पुस्तक मी एकट्यानेच रेटलं. परवा सकाळी त्या पानाची नक्कल काढून बसलो आणि बोट ठेवून अक्षर अक्षर लावत गेलो. धुरपता. जौजे. लक्ष्मण. कोणी न सांगता आलं. तीन शब्दांना तब्बल पाऊण तास लागला, आणि बरोबर वाचलं का, हे विचारायला आता तालुक्यात कोणी नाही.