मी उठल्यावर धुतलेली चादर

“उशीचा अभ्रा पण काढ. आणि मशीनला वेगळं लाव गं, आपल्या कपड्यांत नको.”

सायलीची आई बोलत होती. मी तिला काकू म्हणायचे. मी त्यांच्या दारात उभी होते आणि त्यांना ते माहीत नव्हतं. प्रॅक्टिकलचा एप्रन खुर्चीवर राहिला म्हणून लिफ्टपासून परत आले होते. दार नुसतं लोटलेलं. आत सायली पलंगावरची चादर ओढून काढत होती. मी आत्ताच त्या पलंगावरून उठले होते. तिचे हात सवयीने चालत होते. रोजचं काम असावं तसे.

शेजारच्या पलंगावर दुपारभर आमच्याच वर्गातली रुचा झोपली होती. ती बोरिवलीहून येते, बस बदलत, माझ्यापेक्षा कितीतरी लांबून. आत्ता ती खाली गेटवर माझी वाट बघत होती. तिची चादर तशीच होती. चुरगळलेली. उशीवर तिच्या डोक्याचा खळगासुद्धा तसाच.

“एप्रन राहिला,” मी म्हटलं.

सायली वळली. चादरीचा बोळा छातीशी. काकू आधी सावरल्या.

“अगं, धूळ असते ना. तू हायवेने येतेस, बसमधून. बाकी आमच्याकडे असलं काही मानत नाहीत हं.”

मी कुठे काय विचारलं होतं?

एप्रन घेतला. लिफ्टमध्ये शिरले आणि आधी स्वतःच्या बाहीचा वास घेतला. मग ओढणीचा. साबणाचा वास होता. देवनारला राहणारी मुलगी मी, डम्पिंगचा कचरा पेटला की आमची अख्खी गल्ली खोकते, म्हणून रोज दोनदा साबण लावून निघायचे. तरी पहिला संशय मला माझ्याच अंगाचा आला. त्या दिवसाचं सगळ्यात जास्त दुखलं ते हे. त्यांनी चादर काढली आणि मी माझ्यात घाण शोधली.

ते घर मला कसं मिळालं, ते सांगते.

आमच्या वस्तीत पाणी पहाटे येतं. हंडे भरायचे, डबा घ्यायचा, मुलुंडची बस पकडायची, सकाळी सातचं लेक्चर. दुपारपर्यंत लेक्चरं संपायची. प्रॅक्टिकल तीनला. मधल्या वेळात घरी जाऊन परत येणं शक्य नाही. हॉस्टेलला आम्हाला प्रवेश नाही, कारण आम्ही मुंबईच्याच. ‘तुम्हाला घर आहे ना?’ असं ऑफिसात म्हणतात. मुलींसाठी एक खोली आहे, तिला कुलूप. आत मोडके बाक आणि फेस्टिव्हलचे कापडी बोर्ड कोंबलेत. लायब्ररीत मान टाकली की मॅडम टेबलावर पट्टी वाजवतात. पहिलं वर्ष मी बागेतल्या बाकावर डुलक्या घेत काढलं. एकदा प्रॅक्टिकलमध्ये हातातली परीक्षानळी झोपेनेच सुटली.

तेव्हा सायली म्हणाली, “यार, माझं घर समोर आहे. चल ना, पड जरा. वेडी आहेस का तू?”

मी गेले. पंखा, पडदे, गार लादी. पडल्या पडल्या झोप लागली. त्या झोपेवर मी दुसऱ्या वर्षाचा अभ्यास केला. मार्क वाढले. सायलीला मी बहीण म्हणायला लागले, मनातल्या मनात. मोठ्याने म्हणायचं धाडस नव्हतं. आता वाटतं, बरंच झालं.

आडनाव काकूंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं. “गाव कुठलं तुमचं?” मग आडनाव. मग, “अच्छा, अच्छा.” चहा मात्र छान दिला होता. त्या ‘अच्छा’कडे मी लक्ष दिलं नाही. झोप हवी असली की माणूस बऱ्याच गोष्टींकडे डोळेझाक करतं.

आणि आई. आई कपड्यांच्या कारखान्यात धागे कापते. पोरीला दुपारी कुणी पलंग देतं, पंखा लावून देतं, याचं तिला भारी अप्रूप. “भली माणसं गं ती. आजकाल कोण कुणाला टेकू देतं?” दर आठवड्याला ती काकूंसाठी शेंगदाण्याची चटणी कुटून द्यायची. डबा धुऊन परत यायचा. रिकामा. आई तो डबा बघून खूश व्हायची.

त्या संध्याकाळी घरी गेले तर आई दारात वाकळ शिवत बसली होती. जुन्या साड्यांची, पातळशी, उन्हाळ्यात अंगावर घ्यायला बरी अशी. काकूंसाठी. महिनाभर सुट्टीच्या दिवशी तेच करत होती. वरचा थर तिने पांढऱ्या साडीचा लावला होता. ती साडी ती चौदा एप्रिलला नेसायची. घरातली सगळ्यात चांगली.

“ही कशाला फाडलीस?” मी ओरडलेच.

“मग काय त्यांना चिंध्या देऊ?”

मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. नळाला पाणी नव्हतं. नुसता फुसफुसत होता.

सकाळी आईने वाकळ घडी घालून पिशवीत दिली. “दोघींना नमस्कार सांग,” म्हणाली.

लेक्चर संपल्यावर सायली आली. काहीच झालं नाही असा चेहरा.

“चल ना गं. आईने पोहे केलेत.”

“नको.”

“तू कालचं धरून बसलीस का? आई जुन्या वळणाची आहे. तू मनावर नको घेऊ ना.”

“चादर आई काढत नव्हती, सायली. तू काढत होतीस.”

ती म्हणाली, “मी काय करणार होते?”

हे तिने अगदी खरं विचारलं. म्हणून जास्त लागलं. इतके दिवस मी तिच्या डोळ्यांसमोर झोपत होते. तोंड उघडं टाकून, निर्धास्त. आणि ती मी उठायची वाट बघत होती.

पिशवी घेऊन मी मुलींच्या खोलीपाशी गेले. कुलूपबंद दारासमोर, पॅसेजमध्ये, वाकळ अंथरली. पांढरी बाजू वर. चपला काढल्या आणि आडवी झाले.

शिपाई मावशी धावत आल्या. मागून प्रिन्सिपल मॅडम.

“ही काय झोपायची जागा आहे? ऊठ. घरी जा.”

“घर लांब आहे मॅडम. मुलींची खोली ही आहे. उघडा, मी आत झोपते.”

“कोणी शिकवलं तुला हे?”

मी उठले नाही. झोप तर लांबच. पण डोळे मिटून पडून राहिले.

रात्री आईने विचारलं, “आवडली का त्यांना?”

खोटं बोलणं सोपं होतं. आई खूश झाली असती, पुढची चटणी कुटली असती. मी सगळं सांगितलं. अभ्रा, मशीन, रुचाची चादर, सगळं. आई भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. तव्यावरची करपली.

मग म्हणाली, “चटणी खाल्ली असेल का गं त्यांनी?”

“माहीत नाही, आई.”

तिने करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली. पुन्हा ती त्या घराबद्दल बोलली नाही. चटणीही कुटली नाही. आमच्यापुरतीसुद्धा.

मी रोज दुपारी वाकळ अंथरते. लांबून येणाऱ्या दोघी-तिघी आता शेजारी टेकतात. खोली अजून उघडलेली नाही. घरी पत्र पाठवू, असं मॅडम म्हणाल्यात. पाठवू देत.

परवा सायली आली. वाकळीच्या कडेला उभी राहिली, मग चपला काढल्या.

“बसू?”

तिचे डोळे भरले होते. माझेही भरले. तिच्याइतकी जवळची मला कॉलेजात कुणी नव्हती, अजूनही नाही.

“देवनारला चल,” मी म्हटलं. “माझ्या आईला सांग, तू चादर का काढायचीस ते. तुझ्या तोंडाने. मग बस.”

तिने पुन्हा चपला घातल्या.

ती गेली तेव्हा हाक मारावीशी वाटली. नाही मारली. ही वाकळ माझ्या आईच्या साडीची आहे. सायली देवनारला येईपर्यंत मी इथेच पडेन, खोली उघडेपर्यंतही इथेच पडेन. पण ती आईशी बोलेपर्यंत तिच्यासाठी सरकून जागा करणार नाही.